मेंढरं अडवू नका, मेंढपाळाला बैठकीला बोलवा

प्रश्न : आमचं गाव सांगोला तालुक्यात. गायरानावर पाणी-माती अडवायला उताराला आडवे सलग समतल चर खोदले, पण शेळ्या-मेंढ्यांनी गवत राहू दिलं नाही, चर मातीनं भरत चाललेत आणि खालच्या पाझर तलावाचं पाणी गढूळ, हिरवट. आता चराईबंदी आणि दंड करायचा म्हणतोय तर भांडणं सुरू झाली. काय करावं? – एक वाचक

उत्तर : दादा, तुमची तळमळ पटते, पण दंडानं सुरुवात नका करू. हिवरे बाजारला चराईबंदी टिकली हे खरंय, पण तिथं गावानं मिळून ठरवलं होतं आणि चारा कापून न्यायची सोय ठेवली होती. नुसती बंदी केली की कळप शेजारच्या माळावर जातो नाहीतर रात्री येतो, माती वाहायची ती वाहतेच.

आपल्याकडं खरी अडचण वेळेची आहे बघा. बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा, म्हणजे बिऱ्हाड आणि कळप, घेऊन कोकणाकडं बाहेर पडतात आणि पावसाळ्यात माघारी येतात, कारण कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही. म्हणजे गवत फुटायला आणि बी धरायला ज्या महिन्यांत मोकळीक पाहिजे त्याच महिन्यांत कळप गावात, आणि सोलापूरचा जोराचा पाऊस येतो सप्टेंबरात, तेव्हा माळ उघडा असला की थेंबाच्या माऱ्यानं माती सुटते, खुरांनी दबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, मग माती आणि लेंड्या दोन्ही तलावात. पाणी हिरवं होतं ते बऱ्याच अंशी त्या लेंड्यांच्या खतानं.

म्हणून गायरानाचे तीन-चार तुकडे करा, दरवर्षी एक तुकडा बी पडेपर्यंत बंद, बाकीचे आळीपाळीनं, गवत चार बोटं उरलं की कळप पुढं. कुठला तुकडा आधी बंद करायचा हे मेंढपाळांनाच विचारा, मारवेलसारखं चांगलं गवत कुठं येतं आणि नुसती हलकी कुसळी कुठं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. बैठक सकाळी दहाला ठेवू नका, तेव्हा ते रानात असतात, संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, गेल्यावर त्यांच्या वाड्यावरच जा, बायकांनाही बोलवा कारण शेळ्या बहुतेक त्याच सांभाळतात.

आणि त्यांचंही काहीतरी भलं व्हायला पाहिजे ना. बंद तुकड्यातलं गवत कापायचा पहिला हक्क त्यांचा, शेतकऱ्यांनी मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घ्यावीत आणि त्याचं धान्य किंवा पैसे वेळेवर द्यावेत, तलावाच्या बाहेर एक हौद बांधावा म्हणजे जनावरं काठ तुडवत पाण्यात उतरणार नाहीत. हौद तर या उन्हाळ्यातच करा, मग दंडाचं काय ते त्यांनाच बैठकीत ठरवू द्या.