गिंबलसाठी ट्रान्समीटर : आधी रेंज पाहावी की विलंब?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र कोल्हापुरात लग्नसमारंभांचे आणि अधूनमधून लघुपटांचे चित्रीकरण करतो. कॅमेरा गिंबलवर (मोटरच्या साहाय्याने कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या हातातल्या दांडीवर) असल्यामुळे दिग्दर्शकाला गिंबलचालकाच्या मागे धावत त्याच्या खांद्यावरून चित्र पाहावे लागते. म्हणून बिनतारी व्हिडिओ ट्रान्समीटर घेण्याचा विचार आहे. पुढील लघुपटात फोकस सांभाळायला स्वतंत्र माणूस असेल. विक्रेता हजार फूट रेंजचा संच सुचवतो, तर एक परिचित छायालेखक चारशे फुटांचा पुरेसा आहे असे म्हणतो. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा? यासाठी सरकारी परवाना लागतो का?

उत्तर : विक्रेता आणि छायालेखक दोघेही रेंजविषयीच बोलत आहेत, तुमच्या पत्रातील महत्त्वाचे वाक्य मात्र फोकस सांभाळणाऱ्या माणसाचे आहे. ट्रान्समीटर निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की पलीकडच्या पडद्यावरचे चित्र कोण पाहणार आहे आणि ते पाहून काय करणार आहे.

गिंबल चालवणाऱ्याला या यंत्राची गरज नसते, कारण त्याचा पडदा केबलने जोडलेला असतो. दिग्दर्शकाला चौकट, हालचाल आणि अभिनय पाहायचा असल्यामुळे चित्र क्षणभर उशिरा पोहोचले तरी त्याचे काही अडत नाही. फोकस सांभाळणारा माणूस, म्हणजे फोकस पुलर, मात्र पडद्यावर जे दिसते त्याला उत्तर म्हणून हात फिरवत असतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने विलंब म्हणजे थेट चूक ठरते. हॉलीलँड मार्स ४०० एस प्रो या लोकप्रिय संचाचा विलंब उत्पादक ०.०८ सेकंद सांगतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात ही दोनच फ्रेम होतात आणि ऐकायला ती नगण्य वाटतात. पण फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ १.८ इतक्या मोठ्या छिद्रावर उघडली आणि पात्र दोन मीटरवर असले, तर फोकसमध्ये राहणारी एकूण खोली जेमतेम सहा सेंटीमीटर असते. नेहमीच्या चालीने येणारा माणूस मात्र ०.०८ सेकंदात सुमारे दहा सेंटीमीटर पुढे आलेला असतो. म्हणजे पडद्यावर डोळे स्पष्ट दिसत असताना प्रत्यक्षात ते फोकसबाहेर गेलेले असू शकतात.

हा विलंब बहुतांशी चित्र दाबून लहान करण्याच्या प्रक्रियेत होतो. टेराडेक कंपनीच्या बोल्ट या ट्रान्समीटर मालिकेत चित्र पाठवण्याची पद्धत वेगळी असून कंपनी विलंब एक मिलिसेकंदापेक्षा कमी असल्याचे सांगते. सिग्नल क्षीण झाल्यावरही दोन्ही प्रकार वेगळे वागतात : बोल्टच्या चित्रावर दाणे दिसू लागतात, तर दाबून पाठवलेले चित्र तुकड्यातुकड्यांनी अडकते किंवा गोठते. फोकस पुलरला दाणेदार चित्रावर काम रेटता येते, गोठलेल्या चित्रावर मुळीच येत नाही. मात्र बोल्टची किंमत फार मोठी आहे. लग्नाच्या कामाच्या जोरावर तो विकत घ्यावा, असे मी सुचवणार नाही. मार्सच्या वर्गातील संच विकत घ्यावा आणि फोकस पुलर असेल तेवढ्या दिवसांपुरता शून्य विलंबाचा संच भाड्याने आणावा, हा मला शहाणपणाचा व्यवहार वाटतो.

संपूर्ण साखळीचा विलंब स्वतः मोजून पाहा. कॅमेरा आणि मॉनिटर यांचाही त्यात वाटा असतो. मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करून कॅमेरा त्यावर रोखावा आणि मोबाइल व दूरचा मॉनिटर एकत्र दिसतील असे छायाचित्र दुसऱ्या फोनने काढावे. दोन आकड्यांतील फरक हाच तुमचा विलंब. असे पाचसहा फोटो काढून सरासरी घ्यावी.

आता रेंजविषयी. खोक्यावरचे फूट मोकळ्या मैदानातले, मध्ये काहीही आडवे नसतानाचे असतात. ही यंत्रे बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तेथे तरंगलांबी पाचसहा सेंटीमीटर असते आणि पाण्याने भरलेले मानवी शरीर या लहरी शोषून घेते. त्यामुळे भरलेल्या मंगल कार्यालयात पाचशे वऱ्हाडी हाच तुमचा सर्वांत मोठा अडथळा असतो, आणि त्याहूनही जवळचा अडथळा म्हणजे खुद्द गिंबलचालक. कॅमेरा त्याच्या पोटासमोर असतो. तो वळला की त्याचे शरीर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये येते. हजार फुटांच्या संचावर पैसे घालण्याआधी रिसीव्हर उंच स्टँडवर, गर्दीच्या डोक्यांवर न्यावा आणि अँटेना उभ्या ठेवाव्यात. कार्यालयाच्या वायफायचा गोंगाट असतो, म्हणून मोकळे चॅनेल शोधण्याची सोय असलेलाच संच घ्यावा.

गिंबलवर वजनापेक्षा केबल अधिक त्रास देते. जाड, ताठ एचडीएमआय केबल अक्षाला ओढत राहते आणि मोटर विनाकारण झगडतात. बारीक, लवचीक केबल थोडी सैल ठेवून बांधावी. ट्रान्समीटर बसवल्यावर तोल पुन्हा साधावा, केवळ मोटरवर भिस्त ठेवू नये. स्टेडिकॅमवर (अंगावर बांधलेल्या आधारावर तोललेल्या कॅमेऱ्याच्या दांड्यावर) ट्रान्समीटर खाली बॅटरीजवळ बसवला तर तोल सोपा होतो, परंतु सिग्नल चालकाच्या पायांआड जातो.

एचडीएमआयऐवजी एसडीआय ही व्यावसायिक कॅमेऱ्यांची व्हिडिओ केबल वापरत असाल आणि ट्रान्समीटरला वीज कॅमेऱ्याच्याच बॅटरीतून देत असाल, तर आधी विजेची केबल आणि मग एसडीआय जोडावी. काढताना आधी एसडीआय काढावी. हा क्रम चुकल्यास विजेचा परतीचा प्रवाह एसडीआयच्या आवरणातून जाऊन कॅमेऱ्याचे आउटपुट जळू शकते.

परवान्याबाबत : ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बराच भाग भारत सरकारने २०१८ मध्ये ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त केला. यंत्राला मात्र दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी लहरींचे नियोजन पाहणाऱ्या) शाखेची ईटीए ही उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी मान्यता असावी लागते. परदेशातून कोणी संच आणून देणार असेल, तर पैसे देण्यापूर्वी नेमक्या त्या मॉडेलला ही मान्यता आहे का, हे तपासून घ्यावे.