अकरावीला अमेरिकेला निघालेल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. अमेरिकेतल्या शाळेत प्रवेश मिळाला, अकरावी-बारावी तिकडे करायचं ठरलं, हे ऐकून फार आनंद झाला. पार्ल्याच्या आपल्या शाळेत तू माझ्या वर्गात बसलीस, त्यामुळे तुझी एक सवय मला ठाऊक आहे. अडलं तरी तू हात वर करत नाहीस. कुणाला आपला त्रास नको, हे आपण घराघरांतून मुलांना शिकवतो आणि तो संस्कार चांगलाच आहे. पण परक्या देशात, परक्या घरात राहताना तोच तुला जड जाईल. माझं सगळं सांगणं एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे: काय हवंय, काय अडतंय, ते वेळेवर बोलायचं.

सुरुवात बाबांशी बोलण्यापासून कर, आणि पहिली फी भरण्याआधी कर. तुला डॉक्टर व्हायचंय. आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात आणि त्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी, अशी सर्वसाधारण अट आहे. बारावी तिकडे केलीस की हा रस्ता जवळजवळ बंद होतो. ऑल इंडिया कोट्याच्या 15 टक्के जागांसाठी प्रयत्न करता येतो, पण तिथली चुरस तुला माहीत आहे. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूल, आणि त्याचा खर्च डोळे पांढरे करणारा. तू जाऊ नयेस असं मला अजिबात वाटत नाही. हे तुम्ही तिघांनी एकत्र बसून, कागदावर मांडून ठरवावं, एवढंच वाटतं.

परत येऊन ‘नीट’ द्यायची शक्यता उघडी ठेवायची असेल, तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि तिकडच्या बारावीला असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्षता मिळायला हवी. इथे अकरावी-बारावीला तिन्ही शास्त्रं बरोबर चालतात. तिकडे अनेक शाळांत एका वर्षी बायॉलॉजी, दुसऱ्या वर्षी केमिस्ट्री, तिसऱ्या वर्षी फिजिक्स अशी रचना असते. तुझ्या हातात दोनच वर्षं आहेत. म्हणून वेळापत्रक बनण्याआधी शाळेच्या कौन्सेलरला ईमेल कर आणि तिन्ही विषय बसवून माग. तुला काय हवंय ते त्यांना कळलं तर ते मनापासून मदत करतात. न सांगता मात्र कुणी ओळखणार नाही.

कुणीतरी नातेवाईक म्हणेलच, खासगी शाळा कशाला, सरकारी शाळेत घाला. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त 12 महिने शिकता येतं, तेही पूर्ण खर्च स्वतः भरून. खासगी शाळेला ही मर्यादा नाही. त्या वादात पडू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. एसएससीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आईचं नाव वेगळं येतं. पासपोर्टवर मांडणी निराळी असते. व्हिसासाठी शाळा देते तो आय-20 फॉर्म पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतोय ना, ते आधी बघ आणि मगच बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीतल्या व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घे. लसींचं कार्ड शोधून ठेव. तुला लहानपणी टीबीवरची बीसीजी लस दिलेली असणार, त्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी कधीकधी उगाचच पॉझिटिव्ह येते. शाळेने चाचणी मागितली तर बीसीजी झाल्याचं सांग आणि रक्ताची चाचणी चालेल का, ते विचार.

आता त्या घराबद्दल, जिथे तू राहणार आहेस. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं असतं आणि वाढणाऱ्याने आग्रह करायचा असतो. तिकडे नको म्हणालीस की भांडं परत आत जाईल. त्यात तुटकपणा नाही, त्यांनी तुझ्या शब्दाचा मान राखलेला असतो. बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण सहाच्या सुमारास होतं. दहा वाजता अभ्यास करताना पोटात कावळे ओरडू लागले तर काय खाऊ शकते, फ्रिज आपणहून उघडलेला चालेल का, वरणभाताचा कुकर कधी लावू, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घे. संकोचापायी अर्धपोटी झोपलेली मुलगी त्यांनाही नको असते.

आणखी एक गोष्ट तुला टोचेल. इथे तू पार्ल्याहून दादरला क्लासला एकटी लोकलने जातेस. तिकडच्या उपनगरांत गाडीशिवाय पान हलत नाही. वहीसुद्धा आणायची तर कुणाला तरी सोडायला सांगावं लागतं. मोठं होऊन परत लहान झाल्यासारखं वाटेल. त्यावर रुसून खोलीत बसू नकोस. आठवड्याची कामं रविवारी सांगून टाक, शाळेतल्या मैत्रिणीच्या गाडीतून जायचं असेल तर परवानगी माग.

वर्गातही हेच. तिकडे रोजचा गृहपाठ, वर्गातलं बोलणं, छोट्या चाचण्या, सगळं गुणांत धरलं जातं; शेवटी महिनाभर रात्री जागवून भरपाई होत नाही. आणि गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवायची सवय इथेच सोडून जा. दुसऱ्याचं वाक्य त्याचं नाव न देता लिहिणं तिकडे गंभीर गुन्हा मानतात.

आईशी बोलताना फक्त गोड गोड सांगू नकोस. तुझी शाळा पूर्व किनाऱ्याकडे असेल, तर तुझ्याकडे रात्रीचे नऊ वाजले की उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे साडेसहा असतील, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेसात. ती डबा भरत असली तरी ऐकेल. मन लागत नसेल तर तसं सांग. पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांना तसं होतं. आणि त्या घरात कुणाचं वागणं, बोलणं, स्पर्श खटकला, तर विचार करत बसायचं नाही. त्याच दिवशी शाळेतल्या मोठ्या माणसाला सांगायचं आणि आईला फोन करायचा, इथे रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. यात भिडेला जागा नाही. तू काही चुकीचं केलेलं नाहीस, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

डिसेंबरच्या सुट्टीत येणार असशील तर निघण्याआधी आय-20वर शाळेची प्रवासाची सही घे.

शनिवारी चारनंतर मी घरी आहे. बाबांना घेऊन ये. शाळेने पाठवलेली विषयांची यादी आण, कौन्सेलरचा ईमेल आपण बसून लिहू. मसुदा मात्र तू करायचास.

तुझ्या
बाई