कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्स पुन्हा त्याच खोलगटात का बांधलं?

प्रश्न असा आहे: "समुद्रसपाटीच्या खाली असलेलं न्यू ऑर्लिन्स कॅटरिना वादळानंतर पुन्हा त्याच जागी का बांधलं? दुसरीकडे हलवता आलं नसतं का? आता तरी ते सुरक्षित आहे का? मुलगी ऑगस्टमध्ये तिकडे शिकायला जातेय म्हणून विचारतो."

मी मूळचा अलिबागच्या खारेपाटातला. गेली चौदा वर्षं न्यू ऑर्लिन्समध्ये आहे आणि जमिनीला भोकं पाडून खालची माती कशी आहे ते बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. हे आधी सांगतोय कारण खारेपाटातल्या पोराला हे शहर समजायला वेळ लागत नाही. आमची भातखाचरंही खाडीच्या भरतीपेक्षा खालीच असतात. बाहेरून मातीचा बांध, बांधात उघाडी, ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर. अमावस्येच्या उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी आत आणि पुढची काही वर्षं शेत वाया. इथे भाताच्या जागी माणसं राहतात आणि उघाडीच्या जागी पंप आहेत. कारण पाणी आपोआप बाहेर जाईल अशी ओहोटी या शहराला कधीच लागत नाही.

आधी तुमच्या प्रश्नातच एक दुरुस्ती. सगळं शहर समुद्रसपाटीच्या खाली नाही, साधारण निम्मं आहे. आणि ते निम्मंही मुळात खाली नव्हतं. १७१८ मध्ये फ्रेंचांनी वस्ती वसवली ती मिसिसिपीच्या काठावर, नदीनेच पुरागणिक गाळ टाकून उंच केलेल्या पट्टीवर. तो भाग, म्हणजे आजचा फ्रेंच क्वार्टर, कॅटरिनातही बहुतेक कोरडाच राहिला. जुन्या लोकांना कुठे घर बांधू नये ते नीट ठाऊक होतं. नदीच्या मागे पाँचरट्रेन तळ्यापर्यंत सायप्रसच्या झाडांची दलदल होती आणि तिकडे कुणी फिरकत नसे.

मग १९१३ मध्ये बाल्डविन वुड नावाच्या इथल्याच इंजिनिअरने प्रचंड ताकदीचा स्क्रू पंप तयार केला. दलदल उपसली गेली, प्लॉट पडले, घरं उभी राहिली. पण ती जमीन म्हणजे पाणी पिऊन फुगलेला कुजका पाला आणि चिकणमाती. पाणी काढलं की पाला हवेत कुजून नाहीसा होतो, चिकणमाती आक्रसते आणि वरचं सगळं खाली बसतं. जमीन खाली गेली की पाऊस आणखी साचतो, म्हणून आणखी पंप, म्हणून जमीन आणखी खाली. मी जेंटिली भागात राहतो. इथे पन्नास-साठच्या दशकातल्या घरांच्या पुढच्या दोन-तीन पायऱ्या हवेत लोंबकळताना दिसतील. घर पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांवर उभं असल्यामुळे जागेवर राहिलं, अंगण तेवढं खाली गेलं. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "अरे, यांची जमीन कुणी चोरली?"

आता २००५. त्या वर्षी २६ जुलैला आपल्याकडे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि महिन्याभराने २९ ऑगस्टला इथे कॅटरिना आलं. आपल्याकडे बहुतेक लोक या दोन घटना एकाच पंगतीला बसवतात. पण मुंबई आभाळातून पडलेल्या पाण्याने बुडाली. न्यू ऑर्लिन्स भिंती पडल्यामुळे बुडालं. वादळाचा सगळ्यात जोरदार भाग शहराच्या पूर्वेकडून, मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरून गेला. सकाळी अनेकांना वाटलं, सुटलो. मग पाणी चढायला लागलं. पन्नासहून जास्त ठिकाणी बांध आणि पूरभिंती फुटल्या आणि ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं.

यातली सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत माझ्या धंद्यातल्या लोकांना पाठ असते. पावसाचं पाणी शहरातून तळ्याकडे नेणारा तो कालवा. वादळात तळंच फुगलं आणि उलटं पाणी कालव्यात शिरलं. पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. माथ्याच्या कित्येक फूट खाली असतानाच भिंत मागे रेलली, भिंत आणि बांध यांच्यामध्ये फट पडली, फटीत पाणी उतरलं आणि खालच्या मऊ चिकणमातीच्या थरावरून अख्खा बांध भिंतीसकट घसरला. साडेचारशे फुटांच्या आसपासची खांड. भिंतीखाली ठोकलेले पोलादी पत्रे जेमतेम कालव्याच्या तळाच्या पातळीपर्यंत पोचत होते. आमच्या गावातला बांध बघणारा म्हाताराही सांगेल की पायथा भुसभुशीत असेल तर नुसता माथा उंच करून उपयोग नाही. इथे हे काम अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर विभागाचं होतं, ज्याला इथे नुसतं 'कोअर' म्हणतात. जून २००६ मध्ये विभागाच्या प्रमुखांनी चूक जाहीरपणे मान्य केली. भरपाई मात्र मिळाली नाही, कारण १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला अशा दाव्यांतून आधीच मोकळं केलेलं आहे.

दुसरीकडे, जिथे गरीब काळ्या लोकांची वस्ती होती त्या लोअर नाइन्थ वॉर्डात, इंडस्ट्रियल कालव्याची भिंत फुटली आणि घरं पायासकट वाहून गेली. त्या बाजूला साठच्या दशकात जहाजांसाठी १२२ किलोमीटरचा सरळसोट कालवा खणला होता. लोक त्याला 'मिस्टर गो' म्हणायचे. जहाजं फारशी आलीच नाहीत. खारं पाणी मात्र आत शिरून दलदल मारत गेलं, आणि लाटा अडवायला मधे काही उरलं नाही. २००९ मध्ये तो दगड टाकून बंद केला.

आणि हे सगळं चाळीस वर्षांच्या कामानंतर! १९६५ मध्ये बेट्सी वादळाने हाच भाग बुडवला होता. तेव्हा मंजूर झालेला प्रकल्प तेरा वर्षांत पुरा व्हायचा होता. २००५ मध्ये तो अर्धवट होता आणि नवी तारीख होती २०१५. कोअरचं एकेकाळी म्हणणं होतं की सतराव्या रस्त्याच्या कालव्यासारखे पावसाचं पाणी तळ्याकडे नेणारे जे तीन कालवे आहेत, त्यांच्या तोंडाशी दरवाजे बसवावेत. स्थानिक मंडळींनी विरोध केला: दरवाजे लावले तर पावसाचं पाणी बाहेर कसं काढायचं? रास्त शंका होती. तोडगा निघाला तो दोन्ही काठांनी भिंती उंच करण्याचा, आणि त्याच पडल्या. आता त्या तिन्ही कालव्यांच्या तोंडाशी दरवाजे आहेत, शिवाय दरवाजे बंद असताना पाणी तळ्यात फेकणारे पंपही. ते २०१८ मध्ये सुरू झाले.

आता तुमचा खरा प्रश्न, हलवलं का नाही. कुणी विचारच केला नाही असं नाही. जानेवारी २००६ मध्ये महापौरांच्या आयोगाचा आराखडा आला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शहराचा नकाशा छापला गेला आणि त्यावर सखल वस्त्यांच्या जागी हिरवे गोल. म्हणजे इथे पुढेमागे बागा, पाणी साठवायची मैदानं. ज्यांच्या घरावर हिरवा गोल पडला ते लोक तेव्हा ह्यूस्टनला, अटलांटाला कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होते आणि त्यांना आपलं घर बाग होणार हे पेपरातून कळलं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. सभांमध्ये आरडाओरडा झाला, मे महिन्यात महापौरांची निवडणूक होती, नकाशा गुंडाळला गेला. ब्रॉडमूर हा गोलाखालचाच भाग. तिथल्या रहिवाशांनी घरोघर पाट्या लावल्या, समिती केली आणि वस्ती परत उभी केली.

अभियंता म्हणून मला तो नकाशा चुकीचा वाटत नाही. पण गोलाखालच्या माणसाला "तुमच्या घराचे एवढे पैसे, उंचावर एवढी जागा" असं काहीही त्याबरोबर सांगितलं नव्हतं. माझं स्वतःचं घर एका हिरव्या गोलाजवळ आहे, तेव्हा माझं मत थोडं सवलतीने घ्या. शिवाय शहर हलवणार कुठे? बंदर, तेल-वायूचे कारखाने, अर्ध्या अमेरिकेचं धान्य ज्या नदीतून बाहेर जातं ते मुख, हे सगळं इथेच आहे.

नकाशा गेला, पण म्हणून लोक आपापल्या मर्जीने परतले असंही झालं नाही. ठरवलं ते अनुदानाच्या नियमाने. 'रोड होम' या योजनेत घरमालकाला दीड लाख डॉलरपर्यंत मदत होती, पण हिशोब घराच्या वादळाआधीच्या बाजारभावाने किंवा दुरुस्तीच्या खर्चाने, यातला जो आकडा कमी असेल त्याने. तेच घर, तेच पाणी, तीच दुरुस्ती. पण गोऱ्या वस्तीत बाजारभाव जास्त म्हणून दुरुस्तीपुरते पैसे मिळायचे, काळ्या वस्तीत भाव कमी म्हणून अर्ध्यावरच थांबायचे. यावर २००८ मध्ये खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड, तोवर पैसे बहुतेक वाटून झाले होते. लोअर नाइन्थ वॉर्डात आजही पायऱ्या दिसतात आणि पायऱ्यांच्या वर घर नसतं. २००० साली शहरात ४,८४,६७४ माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ३,८३,९९७.

नवी तटबंदी खरोखर दांडगी आहे. साडेचौदा अब्ज डॉलर, शहराभोवती सुमारे २१४ किलोमीटरचं कडं. जुन्या सरळ भिंतींच्या जागी उलट्या 'T' अक्षरासारख्या, तिरक्या पाइलवर बसवलेल्या भिंती. पूर्वेला बोर्न तळ्याच्या तोंडाशी जवळजवळ तीन किलोमीटर लांब, २६ फूट उंच अडसर. पश्चिमेला अकरा पंपांचं एक केंद्र, जे ऑलिम्पिकचा पोहण्याचा तलाव पाच सेकंदात रिकामा करेल. सहलीला घेऊन जावं असं काम आहे, आणि मी पाहुण्यांना नेतोही. बायको म्हणते, लोक इथे जॅझ ऐकायला येतात आणि तू त्यांना पंप दाखवतोस.

पण हे कडं 'शंभर वर्षांतून एकदा' येणाऱ्या वादळासाठी आहे, आणि या शब्दांनी लोक फसतात. अर्थ इतकाच की दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जात ती साधारण चारात एक होते. हॉलंडच्या मुख्य किनाऱ्याचा हिशोब दहा हजार वर्षांतून एकदाचा होता. इथे हा आकडा सरकारी पूरविम्याच्या अटीवरून आला. वर बांधही त्याच मऊ मातीवर उभे, म्हणून खचतात. २०१९ मध्येच कोअरने लिहून दिलं की माती चढवली नाही तर २०२३ पासूनच बांध ठरलेल्या उंचीला कमी पडू शकतील. आमच्याकडे दर उन्हाळ्यात बांधावर मातीचे हेल टाकतात, तसंच हे, फक्त रकमा अब्जांत.

बाहेरची खाजणंही जातायत. गेल्या शतकाच्या तिशीपासून लुइझियानाने सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर किनारा गमावला आहे. नदीचा गाळ पुन्हा तिकडे सोडायचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. गोड्या पाण्याने कालवं (ऑयस्टर) मरतील म्हणून कोळ्यांचा विरोध होता, खर्चही वाढत गेला. जुलै २०२५ मध्ये तो रद्द झाला. मला याचं भिंतींपेक्षा जास्त वाईट वाटतं.

आणि पाऊस! भिंत बाहेरचं पाणी अडवते, आत पडलेलं नाही. ५ ऑगस्ट २०१७ ला वादळ नव्हतं, नुसता पाऊस होता, तरी रस्ते तुंबले आणि नंतर उघड झालं की कित्येक पंप बंदच होते.

मुलीबद्दल. २९ ऑगस्ट २०२१ ला, कॅटरिनाच्याच तारखेला, आयडा आलं. वाऱ्याने ते जास्त जोरदार होतं. भिंतींनी पाणी अडवलं, एकही फुटली नाही. पण शहराला वीज आणणाऱ्या आठही मोठ्या लाइन पडल्या आणि त्यानंतरच्या उकाड्यात माणसं गेली, विशेषतः एकटी राहणारी म्हातारी. आयडा इतक्या झपाट्याने वाढलं की सक्तीने शहर रिकामं करायलाही वेळ नव्हता. त्यामुळे मुलीने घाबरायचं ते पाण्यापेक्षा आठवडाभर वीज नसण्याला. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तिने खोली घेताना एक तर नदीकडच्या उंच पट्टीत घ्यावी, किंवा तळमजल्याच्या वरच्या मजल्यावर. रस्त्यावर लावलेली गाडी पावसात उंचावर न्यायची सवय शेजारी आपोआप लावतील. आणि वादळाची चाहूल लागली की अधिकृत आदेशाची वाट न बघता ह्यूस्टनला किंवा बॅटन रूजच्या पुढे कुणा ओळखीच्याकडे निघायचं. मराठी मंडळींचे फोन त्या दोन दिवसांत वाजतच असतात, लाजू नको म्हणावं.

गाडी नसेल तर शहरात सतरा ठिकाणी पोलादी पुतळे दिसतील, चौदा फूट उंच, एक हात वर करून रिक्षा थांबवल्यासारखे उभे. २००५ मध्ये ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते मागे राहिले, म्हणून ते उभे केलेत. शहर रिकामं करायचा आदेश निघाला की तिथून फुकट बस मिळते. तिला पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच आपल्या घराजवळचा पुतळा कुठला ते बघून ठेवायला सांगा.