स्टेंटनंतर लक्ष कशावर ठेवायचं

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: बाबा 64 वर्षांचे, बडोद्यात दांडिया बाजारात राहतात, तुम्ही पुण्यात. चार महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एलएडी या मोठ्या नळीत एक स्टेंट बसला. मधुमेह जुनाच. आता ते दिवसातून सात-आठदा बीपी मोजतात, मनगटावरच्या घड्याळातून ईसीजी काढून तुम्हाला पाठवतात आणि दोघांचीही झोप उडाली आहे. स्टेंट बंद पडला तर कळणार कसं, दरवर्षी अँजिओग्राफी करावी का, दाढ काढण्यासाठी गोळ्या पाच दिवस थांबवायच्या का, आणि नवरात्रात गरबा चालेल का.

दाढेचं आधी सांगते, कारण ते याच आठवड्यातलं आहे. दातांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळ्या थांबवू नका. अ‍ॅटॅकनंतर स्टेंट बसला की साधारण वर्षभर दोन गोळ्या चालतात: अ‍ॅस्पिरिन, आणि जोडीला टिकाग्रेलोर, प्रासुग्रेल किंवा क्लोपिडोग्रेल यांतली एक. स्टेंट म्हणजे धातूची अगदी बारीक जाळी. तिच्यावर नळीचं आतलं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर उघड्या धातूला रक्तातल्या प्लेटलेट चिकटून गुठळी होऊ शकते आणि ती बघता बघता नळी बंद करते. ते होऊ नये म्हणूनच या दोन गोळ्या. त्या मध्येच सोडणं हे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं एक मोठं कारण आहे, आणि ते पूर्णपणे आपल्या हातातलं आहे. दाढ काढताना रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ येईल, पण ते बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. दातांच्या डॉक्टरांना थेट बाबांच्या कार्डिओलॉजिस्टशी बोलायला सांगा. निर्णय त्या दोघांचा, आणि शेवटचा शब्द कार्डिओलॉजिस्टचा. नंतर दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यावी. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, त्या या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव घडवू शकतात. अँटिबायोटिक लिहून दिलं तर नाव वाचा: टिकाग्रेलोर चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन चालत नाही. आणि नुसत्या स्टेंटसाठी म्हणून दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझा स्टेंट 2015 चा, मी बडोद्यातच, रावपुऱ्यात राहते. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे ती ही, की लक्ष स्टेंटवर ठेवायचंच नसतं. अस्तर चढलं की तो नळीच्या भिंतीचा भाग होतो. खोकून, वाकून, जिना चढून तो सरकत नाही, विमानतळाच्या फाटकात वाजत नाही, आणि गरज पडली तर एमआरआयही करता येतो, फक्त तिथे स्टेंटचं कार्ड दाखवायचं. ज्या आजाराने ती एक जागा तुंबली, तो मात्र बाकीच्या सगळ्या नळ्यांत आहे. पहारा द्यायचा तो त्याच्यावर.

म्हणून बीपी दिवसातून आठदा मोजणं बंद करायला सांगा. काळजीने मोजलं की आकडा चढतो, चढला म्हणून परत मोजतात, मग आणखी चढतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. वहीत लिहा. बहुतेक डॉक्टरांना 130/80 च्या खाली हवं असतं. घड्याळाचा ईसीजी ठोके अनियमित आहेत का ते दाखवतो, त्याला तेवढंच जमतं. हार्ट अ‍ॅटॅक ओळखायला दवाखान्यातला, छातीला आणि हातापायांना तारा लावून काढलेला बारा लीडचा ईसीजी लागतो, आणि तोही सुरुवातीला कधी कधी नॉर्मल येतो. छातीत भरून आलेलं असताना घड्याळ "ठीक" म्हणतंय म्हणून माणूस घरी बसून राहिला, तर ते घड्याळ नसतं तर बरं झालं असतं असं म्हणायची वेळ येते.

खरा पहारा रक्ताच्या रिपोर्टात आहे, आणि घरोघरी नेमकी तिथेच गफलत होते. लॅबच्या कागदावर एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या पुढे "100 पेक्षा कमी" असं छापलेलं असतं. 92 आलं की घरात आनंद, आणि कुणीतरी सांगतं की आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा. तो छापील आकडा निरोगी माणसासाठी आहे. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यासाठी 2019 च्या युरोपीय मार्गदर्शनात एलडीएल 55 च्या खाली सांगितलं आहे. बाबांना 92 आलं तर ते जास्तच आहे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन पूर्ण डोसमध्ये घेऊनही उतरलं नाही तर इझेटिमाइब जोडतात, तरीही नाही तर इंजेक्शनं आहेत. आणि उतरलं तर ते गोळीमुळे उतरलेलं असतं, गोळी सोडली की परत चढतं. सुरुवात केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासायचं, मग सहा महिने ते वर्षाने. मधुमेह आहे म्हणजे एचबीए1सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) तीन महिन्यांनी. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) डॉक्टर सांगतील तेव्हा. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदा परत होईल, हृदयाचं पंपिंग किती सावरलं ते पाहायला.

वर्षाला अँजिओग्राफी? नको. काही त्रास नसताना ती कुणी करायला सांगितली तर कारण विचारा आणि दुसरं मत घ्या. स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून करतात ती) सुद्धा दरवर्षी ठराविक म्हणून लागत नाही. कोरियात अँजिओप्लास्टी झालेल्या, जास्त जोखमीच्या 1,700 हून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांची वर्षाने नेमाने चाचणी केली आणि ज्यांची फक्त त्रास झाल्यावर केली, त्यांच्यात मृत्यू किंवा अ‍ॅटॅक यांत फरक पडला नाही.

मग त्रास ओळखायचा कसा? रोजच्या चालण्यावरून. त्यासाठी रस्ता ठरलेला हवा. आमचा गट काळा घोडा चौकाच्या बाजूने कमाटीबागेत शिरतो आणि म्युझियमला वळसा घालून येतो. गटातले एक गृहस्थ, स्टेंट बसून वर्ष व्हायचं होतं, थंडीच्या दिवसांत फुलांच्या घड्याळापाशी थांबून मोबाइल बघायला लागले. रोज तिथेच. मिनिटभर थांबायचे आणि परत चालायला लागायचे. एकदा मी शेजारी उभी होते, तर मोबाइलची स्क्रीन काळी होती. ते श्वास मिळवत होते आणि कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यांच्या सुनेला सांगितलं. तपासणीत स्टेंटच्या आतच नळी परत अरुंद झालेली निघाली, आणि वेळेत उपचार झाले. हे अरुंद होणं सहसा हळूहळू होतं आणि असंच दिसतं: कालपर्यंत जिथे दम लागत नव्हता तिथे थांबावं लागणं. बाबांना बरोबर चालणारा कुणीतरी द्या, आणि त्यांना नव्हे, त्याला विचारा.

बायकांना आणि मधुमेह्यांना छातीत न दुखताही हृदयाचा त्रास होऊ शकतो. मला जबडा आणि पाठ दुखत होती, गार घाम येत होता, घरात सगळे गॅस म्हणत होते. असं काही झालं तर बसायचं. सॉर्बिट्रेट (नळ्या सैल करणारी गोळी) लिहून दिली असेल तर बसूनच जिभेखाली एक, कारण बीपी खाली येतं. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर 108. शेजाऱ्याची स्कूटर नको. चोवीस तास अँजिओप्लास्टी करणारं हॉस्पिटल कोणतं, हे आजच ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा. विचारायला संकोच वाटेल, तरी बाबांना सांगा: सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही लैंगिक ताठरतेची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, दोन्ही मिळून बीपी जीवघेणं उतरवतात. डॉक्टरांपासून हे लपवू नये.

बाबांची दुसरी गोळी टिकाग्रेलोर असेल तर एक माहीत असू द्या: तिने काहींना बसल्याजागी दम लागल्यासारखं वाटतं. स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. ती दिवसातून दोनदा असते आणि चुकते ती नेहमी रात्रीची. चुकली तर पुढची वेळेवर घ्या, दोन एकदम नाही. काळी शी झाली, नाकातून रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दाखवा. उपवासालाही गोळ्या घ्यायच्याच, पण मधुमेहाच्या गोळ्यांवर निर्जळी किंवा फलाहारी नवरात्र करायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, साखर खाली जाते.

खाण्याचं फार लिहीत नाही. सेव-उसळ आणि फाफडा महिन्यातून कधीतरी, थोडा. तंबाखू मात्र कुठल्याही रूपात नाही, सुपारी-तंबाखूच्या 'मसाल्या'च्या पुडीतूनही नाही.

आणि गरबा. बडोद्याच्या माणसाला नवरात्रात घरी बस म्हणणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे. मीही पहिल्या वर्षी नुसती बघायला गेले होते. बाबा आत्ता रोज अर्धा-पाऊण तास, बोलता येईल इतक्या वेगाने, काही त्रास न होता चालत असतील आणि इको बरा असेल, तर कार्डिओलॉजिस्टना सरळ विचारा: "सोसायटीतला संथ गरबा, दहा मिनिटं, चालेल का?" त्यासाठी ते स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील, आणि ती करण्यासारखी आहे. मोठ्या मैदानातल्या फेऱ्या यंदा नकोत. वेग वाढत जातो आणि मधल्या रिंगणात अडकलं की बाहेर पडता येत नाही. सोसायटीतही कडेच्या रिंगणात, ओळखीच्या माणसाच्या शेजारी, पाणी पिऊन, रात्रीची गोळी घेऊनच उतरायचं. छातीत, जबड्यात, दंडात काही जाणवलं की ताल सुरू असला तरी बाहेर यायचं आणि बसायचं. स्टेंटचं कार्ड आणि सॉर्बिट्रेट कुर्त्याच्या खिशात, आणि शेजारच्याला कुठल्या खिशात ते सांगून ठेवलेलं.