जळगावात दोन घारी पंजे अडकवून गरगरत खाली आल्या. भांडण होतं का?

बहुतेक भांडणच. हिवाळ्यात घारींची वीण सुरू होते आणि घरट्याच्या झाडावरून, टॉवरवरून जुंपते. आगंतुक घार उलटी होऊन पंजे वर करते, मालकीण तेच धरते, मग दोघी भिंगरीसारख्या खाली; जमिनीजवळ आल्या की बहुधा सुटतात. जोडीतही असा खेळ चालतो, पण मागून लांबवर हुसकावणं दिसलं तर शंका नको.

मटण मार्केटवरची झोंबाझोंबी वेगळी, ती निव्वळ चोरी. घार उडता उडताच पंजातला तुकडा खाते, म्हणून दुसरी तिथेच झडप घालते.

शेपटीला खाच असेल तर घार. तिच्या मागे लागलेला कबुतराएवढा, छातीवर तांबूस पट्ट्यांचा पक्षी म्हणजे शिक्रा. मेहरूण तलावावर उन्हं तापू लागल्यावर बघा. घरट्याखाली मात्र थांबू नका, डोक्यावर झेपावतात!