‘दर्या’ की ‘दऱ्या’? पोर्टलला लेख पाठवणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: लेख मनापासून लिहिला, तरी तो परत का आला? विषय वाईट म्हणून परत येणारे लेख थोडे असतात. दर दोन ओळींनी थांबून दुरुस्ती करावी लागेल, असे दिसले की संपादक लेख बाजूला ठेवतो. पुढची उत्तरे त्याच दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : लेख श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवला. ‘मजकूर वाचता येत नाही’ एवढ्या एका ओळीनिशी परत आला. आमच्या संगणकावर तर स्वच्छ दिसतो. (डीटीपी केंद्रचालक, निलंगा)

तुमच्याकडे तो फॉन्ट आहे, म्हणून दिसतो. जुन्या फॉन्टच्या फाइलीत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी अक्षराचा मुखवटा चढवतो. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळतो आणि समोर येते ती रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तो कोणत्याही फोनवर ‘क’च दिसतो आणि शोधल्यावर सापडतोही. पोर्टलला हेच लागते. खात्री करायची तर लेखातला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे.

सगळे पुन्हा टाइप करायची गरज नाही, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. मात्र यादीतून नेमका तुमचाच फॉन्ट निवडा. नावात साम्य असले तरी आतली अक्षरजुळणी वेगळी असू शकते. आणि बदललेला मजकूर न वाचता पुढे पाठवू नका. गडबड ठरावीक जागी होते: रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी एक घर सरकते, अवतरणचिन्हाच्या जागी भलतेच अक्षर येते.

‘ऱ्य’चे तर फारच हाल होतात. ‘बालाघाटच्या दऱ्या’ लिहिलेले असते आणि उमटते ‘बालाघाटच्या दर्या’. दर्या म्हणजे समुद्र! लग्नात ‘आचाऱ्यांना’ दिलेली बिदागी ‘आचार्यांना’ जाते ती अशीच. मोबाइलवर थेट टाइप करणारेही इथेच अडखळतात, कारण साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ जोडला की रफारच येतो. अर्धा ‘ऱ्’ हवा असेल तर खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने सुरुवात करावी लागते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबा, मग हलन्त, मग ‘य’. फोनवर ती कळ सापडतच नसेल, तर ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘वाऱ्यावर’ असे दहा-बारा शब्द एकदा नीट मिळवून फोनच्या शब्दसंग्रहात साठवून ठेवा.

‘दुःख’मधला विसर्ग अपूर्णविरामाचे चिन्ह वापरून काढू नका. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे तुटतो. विरामचिन्हाच्या आधी जागा सोडू नका, नंतर सोडा. मराठीत वाक्य टिंबाने संपते, हिंदीतल्या उभ्या दंडाने नाही.

प्रश्न : शुद्धलेखनाचे नेमके कोणते नियम पाळायचे? जो तो वेगळे सांगतो. (शिक्षिका, सेलू)

मराठी साहित्य महामंडळाचे नियम. १९६२ साली १४ नियम मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. एकूण १८. काही प्रकाशनांच्या स्वतःच्या पद्धती असतात. तिथले चार प्रसिद्ध लेख वाचले की त्या कळतात.

अठराही नियम पाठ करण्यापेक्षा चुका जिथे दाटीने होतात तिथे लक्ष द्या. शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ: कवी, गुरू, मती. तोच शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल, तर समासात आधी आला की ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ हे अपवाद. तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ: गरीब, फूल, वकील. पुढे प्रत्यय येऊन शब्दाचे रूप बदलले की ते ऱ्हस्व होते: गरिबाला, फुलाचा, वकिलांनी. गावांच्या नावांतले ‘पूर’ दीर्घच, म्हणजे तुळजापूर, पण ‘तुळजापुरात’. लातूर, पण ‘लातुरात’.

‘महत्त्व’मध्ये दोन ‘त’ का, हे कळले की ती चूक पुन्हा होत नाही. ‘महत्’ला ‘त्व’ जोडले, म्हणून दोन. ‘तत्त्व’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ही तसेच. ‘नेतृत्व’ मात्र ‘नेतृ’ अधिक ‘त्व’, तिथे एकच ‘त’ पुरतो. उज्ज्वल आणि आशीर्वाद हे दोन शब्द निमंत्रणपत्रिकांनी बिघडवले आहेत. लेखात तरी नीट लिहा.

‘केले-केलं’चे काय, हेही अनेकांनी विचारले आहे. नियमानुसार बोलणे दाखवताना ‘केलं’, ‘असं’, एरवी ‘केले’, ‘असे’. आज पुष्कळ पोर्टल सगळा लेख बोलीच्या वळणाने घेतात, त्यालाही हरकत नाही. पण एकाच परिच्छेदात ‘त्यांनी ठरवलं’ आणि ‘नंतर सोडून दिले’ असे दोन्ही आले की लेख दोन हातांनी लिहिल्यासारखा वाटतो.

शुद्धलेखनापेक्षा वाक्यरचना जास्त खटकते. ‘शेतकऱ्यांच्या द्वारे पेरणी केली गेली’ यात एकही शब्द अशुद्ध नाही, तरी असे कोणी बोलत नाही. ‘शेतकऱ्यांनी पेरणी केली.’ संपले. सगळा लेख एकदा मोठ्याने वाचा. जीभ अडेल तिथे वाक्य तोडा.

प्रश्न : येळवसेवर, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणावर, अडीच हजार शब्द लिहिले. ‘लांब आहे, भाषा सुधारा’ असे उत्तर आले. आमची बोली चालत नाही का? (शेतकरी, औसा)

चालते, आणि येळवशीच्या लेखात तर तीच हवी. संपादकाचा आक्षेप बोलीवर आहे की विस्कळीतपणावर, हे त्या एका ओळीवरून कळत नाही, विचारून घ्या.

बोलीतला शब्द पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच त्याचा उलगडा करा. ‘कडब्याची कोप उभारून तिच्यात पाच पांडव मांडतात’ असे लिहिले की कोप म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकालाही समजते. कंस नको, तळटीप नको. ‘भज्जी’ला मात्र एक जास्तीचे वाक्य द्या, नाहीतर वाचक कांदाभजी समजून पुढे जाईल. हरभऱ्याचे पीठ लावून शिजवलेली, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भाजी, एवढे पुरे. एकदा ‘येळवस’ लिहिले की पुढे ‘वेळ अमावस्या’ नको. दोन्ही द्यायची तर पहिल्याच परिच्छेदात एकदा. संवादात ‘काय करायलास?’ खुशाल येऊ द्या, पण निवेदन एका वळणाचे ठेवा.

लांबीचा मोठा हिस्सा बहुधा सुरुवातीने खाल्ला असेल. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’, ‘मराठवाडा ही संतांची भूमी’, मग सणांचे महत्त्व, आणि पाचव्या परिच्छेदात शेत. पहिले चार परिच्छेद काढून पाहा, लेखाचे काही अडते का? बहुतेकदा नाही अडत. मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सकाळी डोक्यावरच्या आंबिलीच्या माठापासून सुरू करा. पोर्टलने शब्दमर्यादा १२०० सांगितली असेल तर ११०० ते १२०० च्या आत राहा. अडीच हजारांचे दोन भाग करून पाठवतो, असे परस्पर ठरवू नका.

प्रश्न : माहिती दोन-तीन वेबसाइटवर जुळली की ती खरी धरावी का? आणि एआयची मदत घेतली तर? (पदव्युत्तर विद्यार्थी, परभणी)

तीन वेबसाइटनी एकमेकींचे उतरवून घेतले असेल तर तो एकच पुरावा होतो. गॅझेटिअर, शासननिर्णय, जनगणना, त्या काळचे वर्तमानपत्र असे मूळ शोधा.

आपल्या मराठवाड्यात फसवणारी जागा म्हणजे जिल्हे. ‘१९७२ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यात’ हे वाक्य सहज लिहिले जाते. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. दुष्काळात तो भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, म्हणून तिथे ‘लातूर जिल्हा’ बरोबर. पण हानी उमरगा तालुक्यातही झाली होती आणि तो तेव्हाच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवमध्ये. नाव बदललेल्या गावांना त्या काळचे नाव देऊन पुढे एकदा ‘आजचे’ म्हणून नवे द्यावे.

एआयकडून शब्द तपासून घेणे वेगळे आणि लेख लिहून घेणे वेगळे. असा लेख ओळखू येतो: परिच्छेद एका मापाचे, गाव-शिवाराचा पत्ता नाही आणि संदर्भ म्हणून दिलेले पुस्तक कधीकधी अस्तित्वातच नसते. मदत घेतली असेल तर संपादकाला तसे कळवा. विकिपीडियावरचा मजकूर मोफत असला तरी श्रेय न देता उचलता येत नाही. परवान्याची अटच तशी आहे.

प्रश्न : फोटो किती मोठा हवा? (वसमत)

रुंदी किमान १२०० पिक्सेल असेल तर अडचण येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो; डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवा. लेखाच्या वर्ड फाइलीत चिकटवू नका. फोटोखालच्या ओळीत तो कुठे, कधी आणि कोणी काढला ते लिहा. गूगलवर सापडलेला फोटो ‘सौजन्य : इंटरनेट’ लिहून तुमचा होत नाही.

प्रश्न : एकच लेख दोन ठिकाणी पाठवू का? पोर्टलने ‘सर्व हक्क आमचे’ म्हटले तर? (अंबाजोगाई)

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. किती दिवसांत कळवतात ते पत्रात विचारा; मुदत उलटली की ‘लेख मागे घेत आहे’ असे कळवून मगच दुसरीकडे द्या. फेसबुकवर टाकलेला लेखही अनेक संपादक आधी प्रसिद्ध झालेला मानतात, तेव्हा ते लपवू नका.

हक्कांबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ वाचून ठेवा. हक्क हस्तांतरित व्हायला लेखी करार आणि तुमची सही लागते; फोनवरचे ‘हो’ पुरत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: पुस्तकात घेता येईल का, ध्वनिरूपाचे हक्क कोणाचे, आणि मानधन किती व कधी. लेखाच्या सुरुवातीला कोणाची कविता पूर्ण द्यायची असेल तर कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे झाली आहेत का, ते पाहा. झाली नसतील तर कवीची किंवा वारसांची लेखी परवानगी लेखासोबतच जोडा.