व्हिडिओत कळलं, वहीत अडलं

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गणिताचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघते, ‘कळलं’ म्हणते. पण स्वतः सोडवायला बसली की पहिल्याच पायरीला अडते. हल्ली तर उत्तर सरळ चॅटजीपीटीला विचारते. मोबाईल काढून घेऊ का?
– एक आई

उत्तर : ताई, मोबाईल राहू द्या. तीस वर्षं मी फळ्यावर गणित शिकवलं. ‘सर, पुन्हा सांगा’ असं एकदा विचारणारी मुलं होती. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत कुणाची झाली नाही. व्हिडिओ दहा वेळा मागे नेला तरी कुणी हसत नाही. हे सुख माझ्या वर्गात नव्हतं, हे मी मान्य करतो.

गोची वेगळीच आहे. एका मुलाने मला वही दाखवली होती. वर्गसमीकरण, सुंदर अक्षर, एक पायरी मात्र खोडून पुन्हा लिहिलेली. ‘इथे काय चुकलं होतं?’ विचारलं तर गप्प. व्हिडिओतल्या सरांचं वजाचं चिन्ह चुकलं होतं, त्यांनी ते खोडलं. पठ्ठ्याने खाडाखोडसुद्धा उतरवून घेतली होती!

दुसऱ्याने सोडवलेलं गणित ओळखीचं वाटतं आणि ती ओळख म्हणजेच आपल्याला येतं असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. काहींनी चारही फेऱ्यांत उतारा वाचला. काहींनी एकाच फेरीत वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. उतारा आणि गणित एक नव्हे, पण तुमच्या लेकीचं ‘कळलं’ त्याच जातीचं दिसतंय.

तेव्हा वेगाचं सोडा, दुप्पट तर दुप्पट. गणित वाचून झालं की व्हिडिओ थांबवायचा, मोबाईल पालथा घालायचा आणि वहीत निदान दोन पायऱ्या स्वतः लिहायच्या. चुकल्या तरी लिहायच्या. मग पुढे बघायचं. पहिले काही दिवस ती चिडेल, कारण वीस मिनिटांच्या व्हिडिओला तास लागेल.

चॅटजीपीटीला ‘सोडवून दे’ म्हणण्याऐवजी स्वतःची पायरी देऊन ‘कुठे चुकले तेवढंच सांग, उत्तर नको’ म्हणायला सांगा. तो चुकीचं उत्तरही ठासून देतो, म्हणून आलेली किंमत समीकरणात घालून पडताळायचीच.

आणि रात्री एखादं गणित तिला तुम्हाला समजावून सांगू द्या. तुम्हाला गणित येत नसेल तर फारच छान. ‘हे इकडून तिकडे गेल्यावर चिन्ह का बदललं गं?’ असं तुम्ही मनापासून विचाराल. मला ते नाटक करावं लागायचं.